समान अक्षरक्रमाचे इंग्रजी शब्द कसे शिकवावेत?

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तेव्हापासून एक अनुभव बहुतेक शिक्षकांस येत असेल. 'लाइट' हा शब्द फळ्यावर लिहिला असता नुकतीच अक्षरे ओळखू लागलेले मूल तो 'लिघ्ट' असा वाचते. वर्ग हसतो आणि ते मूल पुन्हा मोठ्याने वाचण्यास धजत नाही. वास्तविक लिहिलेले प्रत्येक अक्षर उच्चारावे, हा मराठी वाचनाचाच धडा त्याने निष्ठेने पाळलेला असतो. त्यास मंद समजणे अन्यायाचे होईल.

या शब्दातील 'जी-एच' ही अक्षरे मुळात निरर्थक नव्हती. प्राचीन इंग्रजीत तेथे घशात घासून उच्चारलेल्या 'ख'सारखा ध्वनी होता. जर्मन भाषेत रात्रीस 'नाख्ट' म्हणतात, त्यात तो आजही ऐकू येतो. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर, फ्रेंच वळणाच्या लेखनिकांमुळे त्या ध्वनीसाठी 'जी-एच' लिहिण्याची रीत पडली. 1476 साली कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला आणि पुढे छपाईमुळे लेखन हळूहळू स्थिर होत गेले. उच्चार मात्र बदलत राहिला. तो ध्वनी बहुतेक शब्दांतून लोपला, काही शब्दांत त्याचा 'फ' झाला. अक्षरे तशीच राहिली.

आपल्याकडेही असे घडले आहे. ज्यांचा उच्चार लोपला होता असे अनुस्वार मराठीत दीर्घकाळ लिहिले जात. 1962 च्या लेखननियमांनी ते काढून टाकले. इंग्रजीने तसे केले नाही, एवढाच भेद. शिवाय 'चार' आणि 'चारा' यांतील 'च' आपण एकाच अक्षराने लिहितो, पण निरनिराळा उच्चारतो, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. 'आय-जी-एच-टी' हा क्रम विश्वासू आहे. लाइट, नाइट, राइट, फाइट, टाइट, ब्राइट हे शब्द प्रथम तोंडी म्हणवून घ्यावेत. शेवटचा सारखा उच्चार मुलांनीच ओळखावा. त्यानंतर शब्द एकाखाली एक लिहून समान अक्षरे रंगीत खडूने अधोरेखित करावीत. त्यामुळे पुढे 'फ्लाइट' हा नवा शब्द मूल आपण होऊन वाचील. या क्रमाआधी 'ई' आल्यास मात्र सावध राहावे: 'वेट' म्हणजे वजन आणि 'हाइट' म्हणजे उंची यांची अखेर एकसारखीच लिहितात.

'ओ-यू-जी-एच' या क्रमाचे तसे नाही. थ्रू म्हणजे मधून, रफ म्हणजे खडबडीत, कॉफ म्हणजे खोकला, बाउ म्हणजे फांदी आणि दो म्हणजे जरी. पाचही शब्दांत तीच चार अक्षरे, पण उच्चार पाच. हे शब्द एका यादीत देऊ नयेत; प्रत्येक शब्द त्याच्या वाक्यात, स्वतंत्र दिवशी शिकवावा. याच क्रमापुढे 'टी' आली, की बॉट, ब्रॉट, फॉट, थॉट असा पुन्हा एक नेमका गट मिळतो. त्यास अपवाद 'ड्राउट', म्हणजे अवर्षण.

सारांश, केवळ डोळ्यांना सारखे दिसणारे शब्द एकत्र करू नयेत. ज्यांचे लेखन व उच्चार दोन्ही जुळतात, त्यांचेच तक्ते करून वर्गात लावावेत. अपवाद मुलांस नियम पक्का झाल्यावरच सांगावेत.