गोळ्या टीबीच्या, काळजी यकृताची

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की लघवी नारिंगी-लाल होते. तो रिफाम्पिसिनचा रंग, त्याला घाबरायचे कारण नाही. पण त्याच रंगाआड कावीळ लपू शकते, हे रुग्णाला गोळ्या देतानाच सांगायला हवे. लघवीवरून अंदाज येत नसेल तर सकाळच्या उजेडात आरशासमोर खालची पापणी ओढून डोळ्यांचा पांढरा भाग पाहावा. तो पिवळा दिसला, तर औषधाचा रंग समजून गप्प बसू नये.

पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल अशी चार औषधे असतात. यांतली पहिली तीन यकृताला इजा करू शकतात. आयसोनियाझिडवरची यकृतातली प्रक्रिया काहींच्या शरीरात जन्मतःच संथ चालते; त्यांना धोका अधिक. दारू, कुपोषण, उतारवय, एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी-सी असेल, तर उपचारांआधी आणि नंतरही यकृताची रक्ततपासणी हवीच.

डोळे पिवळे होण्याच्या बरेच आधी शरीर इशारा देते. अन्नावरची वासना उडते, मळमळते, उलट्या होतात, उजव्या बरगडीखाली दुखते. घरात म्हणतात, ‘गोळ्या गरम पडल्या.’ अशा वेळी पुढचा डोस घेण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. त्रास होत असताना एएलटी हे एन्झाइम कमाल मर्यादेच्या तिप्पट, किंवा त्रास नसतानाही पाचपट वाढले, तर डॉक्टर ही औषधे थांबवतात. आजार गंभीर असेल तर तोवर यकृताला कमी त्रासाची औषधे देतात. एन्झाइम उतरले की एकेक औषध तपासण्या करत पुन्हा सुरू होते. पायराझिनामाइड अनेकदा वगळले जाते.

‘लिव्हर टॉनिक’ने हे नुकसान टळते, याला भक्कम पुरावा नाही. काविळीचे गावठी औषध घेण्यात मोलाचे दिवस जातात. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली आहे. उपचार चालू असताना दारू पूर्ण बंद, पॅरासिटामॉलसुद्धा विचारूनच. अंगात ताकद हवी, म्हणून टीबी रुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1000 रुपये डाळ, अंडी, शेंगदाण्यांवरच खर्च व्हावेत.

वेळेवर औषध थांबवले तर बहुतेकांचे यकृत सावरते आणि टीबीचा उपचारही पूर्ण होतो. मात्र गोळ्या परस्पर सोडल्या, तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात. त्रास लपवू नका आणि थांबायचे की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.