चमत्काराची किंमत कोण मोजतं?

नेहमीप्रमाणे मी कुम्हारीहून बोलतोय. ज्यांना हे गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: रायपूरहून दुर्गच्या दिशेने निघालात आणि खारून नदी ओलांडली, की कुम्हारी लागतं. पुढे भिलाई. आमचे बाबा विदर्भातून भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. त्यामुळे माझं लहानपण घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी, असं तीन भाषांत गेलं. गोष्टीही तिन्हीकडच्या ऐकल्या.

आजचा विषय शेजारच्या वहिनींनी दिला. परवा गच्चीवर भेटल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सिनेमावर बोलता नं? मग एक सांगा. आमच्या पोरीने मोबाइलवर कुठलासा चेटकिणीचा सिनेमा पाहिला. आता मागच्या गल्लीतल्या आजींना ती टोनही म्हणते. त्यांच्या घरावरून जायला तयार नाही. हे जादूचे सिनेमे बंदच करून टाकू का?"

पोरगी नऊ वर्षांची. आणि तो शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

महाराष्ट्रातल्या मंडळींना सांगायला हवं. टोनही म्हणजे छत्तीसगढीत चेटकीण, करणी करणारी बाई. गावात कुणाचं मूल आजारी पडलं, गाय आटली, की एखाद्या बाईकडे बोट दाखवलं जातं. बहुतेक वेळा ती म्हातारी असते, एकटी असते, विधवा असते. या एका शब्दावरून बायकांना मारलंय, गावातून हाकललंय, जिवे घेतलंय. म्हणून इथे २००५ मध्ये टोनही प्रताडना निवारण अधिनियम नावाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला तो २०१३ मध्ये. तेव्हा नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडी हा शब्द येणं ही गंमत नव्हे.

आणि माझं स्वतःचंही एक देणं आहे. मी तिच्याच वयाचा असताना आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहायची. एकटी. संध्याकाळी दारात बसून स्वतःशीच बोलायची. आम्ही पोरं तिला टोनही म्हणायचो. एकदा पैज लागली आणि मी तिच्या दारावर दगड मारला. ती बाहेर आली, दगड उचलला, बाजूला ठेवला आणि मला विचारलं, "कोन घर के लइका अस?" कुणाच्या घरचा तू? मी पळालो. तिला उत्तर दिलं नाही, ते आजवर राहिलंय.

तर वहिनींचा प्रश्न: जादूचे सिनेमे बंद करावेत का? माझं उत्तर 'नको' असं आहे. पण ते नीट समजावून सांगायला हवं, कारण सगळी जादू एकसारखी नसते.

आधी शब्द स्पष्ट करू. निव्वळ परीकथेत सगळंच अद्भुत असतं: बोलणारा पोपट, उडता गालिचा, सात समुद्रांपलीकडचा राक्षस. वास्तववादी सिनेमात सगळं आपल्या ओळखीचं असतं: भाडं, पगार, भांडण, आजारपण. या दोन्हींचं मिश्रण म्हणजे फँटसी ड्रामा. जग आपलंच, माणसं आपलीच, आणि त्यात एकच गोष्ट अशक्य. हे मिश्रण जमलंय की फसलंय, हे ओळखायला मी तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न: नियम काय आहे?

यासाठी उदाहरण आमच्याच मातीतलं घेऊ. श्याम बेनेगलांचा 'चरणदास चोर', १९७५ सालचा, चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी केलेला कृष्णधवल चित्रपट. मूळ लोककथा राजस्थानची, विजयदान देथांनी लिहिलेली. तिला छत्तीसगढी केलं रायपूरच्या हबीब तनवीरांनी. या नाटकाचं सुरुवातीचं रूप आमच्या भिलाईतच, उघड्या मैदानावर, सतनामी समाजाच्या प्रेक्षकांपुढे झालं होतं. सिनेमात नाचा या इथल्या लोकनाट्यातले कलाकार आहेत. आणि राजकुमारी कोण? आपली स्मिता पाटील, अगदी कारकिर्दीच्या आरंभीची.

गोष्ट अशी. चरणदास चोर असतो. एका गुरूपुढे तो शपथ घेतो, खोटं बोलणार नाही. वर थट्टेत आणखी चार शपथा घेतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. चोराला हे कोण देणार, म्हणून हसत घेतलेल्या या शपथा. मग एकेक करून हे सगळं त्याच्यापुढे खरंच येतं. नाटकात शेवटी राणी म्हणते, लग्न नको तर नको, निदान मी विचारलं होतं हे कुणाला सांगू नकोस. पण खोटं न बोलण्याची शपथ आहे! ती शपथ त्याचा जीव घेते.

आता पाहा, यात जादूची कांडी नाही, भूत नाही. अद्भुत आहे ते एवढंच, की हसत बोललेला शब्द जग अक्षरशः पाळायला लावतं. हा परीकथेचा नियम. आणि भोवती काय आहे? या गोष्टीत चोर राज्याच्या खजिन्यातून फक्त पाच मोहरा चोरतो. खजिन्याचा मुनीम आणखी पाच स्वतःच्या खिशात घालतो आणि दहाही मोहरा चोराच्या नावावर टाकतो. हे मात्र आपण कुठल्याही कचेरीत पाहिलेलं असतं. अशक्य शपथ आणि ओळखीचा मुनीम शेजारीशेजारी ठेवले, की आपण हसतो, आणि हसता हसता चपापतो. सगळ्यांत खरं बोलणारा माणूस चोर निघाला, असं का?

दुसरा प्रश्न: जादू बाजूला केली तर मागे काय उरतं?

देथांचीच दुसरी कथा 'दुविधा'. मणी कौल यांनी तिच्यावर १९७३ मध्ये सिनेमा केला आणि २००५ मध्ये अमोल पालेकरांनी 'पहेली'. नवं लग्न झालेला व्यापाऱ्याचा मुलगा हिशेबाच्या वहीतून डोकं वर काढत नाही आणि लगेच पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. एक भूत त्याचं रूप घेऊन घरी येतं. पण ते नवरीला फसवत नाही. मी तुझा नवरा नाही, हे आधी सांगतं आणि निर्णय तिच्यावर सोडतं.

यातलं भूत काढून टाका. मागे उरते एक बाई, जिला आजवर कुणीही 'तुला काय हवंय' असं विचारलेलं नाही. हे तर कुठल्याही गावातलं वास्तव आहे. भुताने केलं काय, तर तो न विचारलेला प्रश्न विचारला. नुसत्या वास्तववादी सिनेमात तिला हा प्रश्न कोण विचारणार होतं? बाप? सासरा? म्हणून भूत लागलं. 'पहेली'चा शेवट गोड आहे. मणी कौल यांच्या सिनेमात भूत पखालीत कोंडलं जातं आणि बाई पुन्हा होती तिथेच येते. दोन शेवट शेजारी ठेवून पाहा. एकात आपली इच्छा दिसते, दुसऱ्यात आपलं जग.

आपल्या मराठीतलं जुनं आणि मला अजून पुरून उरलेलं उदाहरण म्हणजे प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम'. दामले-फत्तेलालांचा. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यात चमत्कार आहेत, शेवटी वैकुंठाला नेणारं विमानही आहे. पण माझ्या आजीला विमानाइतकीच जिजाई आवडायची. पोरं भुकेली आहेत, घरात दाणा नाही, आणि नवरा अभंगात रमलाय. जिजाई विठोबालाही सोडत नाही, फटकळपणे बोलते. तिच्यामुळे तो चमत्कार जमिनीवर टेकतो. बाबा कारखान्यातले, ते म्हणायचे विमान ही कॅमेऱ्याची करामत. आजी म्हणायची, असेल, पण जिजाई खरी आहे नं? तेव्हा मला वाटायचं दोघांपैकी एकच बरोबर असणार. आता कळतं, सिनेमा दोघांनाही जागा देत होता.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि वहिनींच्या शंकेचं उत्तर त्यातच आहे: किंमत कोण मोजतं?

राही अनिल बर्वे यांचा २०१८ मधला 'तुंबाड' घ्या. (लहान मुलांना दाखवायचा नाही बरं का.) भाषा हिंदी, पण जग आपलं: कोकणातला पावसात कुजणारा वाडा, पुण्याची पेठ, १९१८ ते १९४७ चा काळ. नारायण धारपांच्या भयकथांचं ऋण त्यावर आहे. त्यात हस्तर नावाचा शापित देव आहे. त्याच्याकडे सोनं आहे, पण तो अन्नासाठी भुकेला आहे. विनायक पिठाची बाहुली घेऊन खाली उतरतो आणि तो ती खाईपर्यंत जेवढी नाणी हिसकावता येतील तेवढी घेऊन वर येतो. नियम किती काटेकोर आहे बघा. शेवटी बापलेक ठरवतात, एकाऐवजी पुष्कळ बाहुल्या नेऊ. तर हस्तरही तितकेच येतात. लोभ वाढवला, तेवढी भीती वाढली.

पण मला सांगायचंय ते त्यातल्या म्हाताऱ्या बाईबद्दल. सुरुवातीला ती साखळदंडात बांधलेली, भयानक. लहान विनायकासारखे आपणही तिला घाबरतो. पुढे मोठा झालेला विनायक तिच्याकडे परत येतो, तेव्हा कळतं की ती मरूही न शकणारी, सडत पडलेली एक बाई आहे आणि तिला फक्त सुटका हवी आहे. सिनेमा आपली भीती तिच्यावरून उचलतो आणि जिथे ठेवायला हवी तिथे, विनायकाच्या हावेवर, नेऊन ठेवतो. किंमतही तोच मोजतो.

बाहेरच्या देशातलं एक उदाहरण देतो. गिलेर्मो देल तोरो या मेक्सिकन दिग्दर्शकाचा २००६ मधला 'पॅन्स लॅबिरिन्थ'. स्पेन, साल १९४४, फ्रँकोची हुकूमशाही. ओफेलिया नावाच्या मुलीला एक विचित्र वनदेव भेटतो आणि तीन कामं सांगतो. त्यात अंगावर काटा आणणारे जीव आहेत. पण सिनेमातला खरा राक्षस तिचा सावत्र बाप आहे, गणवेशातला कॅप्टन. शेवटच्या कामात तान्ह्या भावाचं थोडं रक्त मागितलं जातं, तेव्हा ती नकार देते. आपल्या धैर्याची किंमत ती स्वतः मोजते, दुसऱ्यावर ढकलत नाही.

आता वहिनींच्या पोरीने पाहिलेला सिनेमा. मीही पाहिला तो. त्यात नियम काहीच नाही, चेटकीण वाटेल तेव्हा वाटेल ते करते. जादू काढली तर मागे काही उरत नाही. आणि किंमत मोजते ती म्हातारी, शेवटी गाव तिला जाळतं आणि संगीत आनंदाचं वाजतं. म्हणजे सिनेमाने मुलीला बोट दाखवायला शिकवलं. घोटाळा जादूचा नव्हता, त्या बोटाचा होता.

म्हणून मी बंदी घाला असं म्हटलं नाही. मी म्हटलं, रविवारी पोरीला आमच्याकडे पाठवा. आम्ही 'चरणदास चोर' लावला. गल्लीतली चार पोरं आली. बोली ओळखीची असल्याने ती खदखदून हसली. शेवट झाल्यावर ती पोरगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, एकदाच खोटं बोलला असता तर काय झालं असतं?" मी उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, "तू त्या आजींना टोनही म्हणतेस, ते खरं की खोटं?" ती म्हणाली, "मला काय माहीत, मी त्यांच्याशी बोललेच नाही."

एवढंच झालं. ती लगेच जाऊन आजींच्या पाया पडली वगैरे काही नाही. पण काल वहिनी सांगत होत्या, शाळेतून येताना ती आता त्याच गल्लीतून येते. पळत येते, पण येते.

माझ्या लहानपणची ती म्हातारी आता नाही. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आज देतो: मी याच गल्लीतल्या मराठी घरचा पोरगा. दगड मीच मारला होता.

मंडळी, पुढच्या वेळी भुताखेतांचा, जादूचा सिनेमा लागला की मुलांना हाकलू नका, शेजारी बसा. संपला की तीन प्रश्न विचारा: नियम काय होता, जादू काढली तर काय उरतं, आणि किंमत कुणी मोजली? उत्तरं त्यांनाच देऊ द्या. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.