वाळवंटातला मुक्काम

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आपण मराठीत सर्रास 'मुक्काम' म्हणतो, तो शब्द अरबी. 'मंझिल' हाही अरबीच. त्याचा मूळ अर्थ उतरण्याची जागा. उंटावरून उतरायचं, ओझं खाली ठेवायचं आणि रात्र काढायची, ती मंझिल. पुढे एका दिवसात जेवढी वाट चालून होते तिलाही मंझिल म्हणू लागले आणि तोच शब्द मराठीत येऊन 'मजल' झाला. 'मजल दरमजल करीत' असं आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत, त्यातली ही मजल. सिनेमातल्या गाण्यांनी मंझिलचा अर्थ आयुष्याचं ध्येय वगैरे केला. वाळवंटातल्या माणसाला मात्र मंझिल म्हणजे आजची रात्र, आणि ती पाण्याच्या हिशेबाने ठरायची.

हे सगळं मला आठवलं ते अमेरिकेतल्या वाळवंटात. माझा भाचा ॲरिझोनात, फिनिक्सला असतो. त्याच्याकडे दोन हिवाळे गेलो आणि दोन्ही वेळा त्याच्याबरोबर आरव्हीतून फिरलो. आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल, चाकांवरचं घर. आता आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं तिकडे आहेत. आईवडील थंडीत तिकडे जातात, मुलं म्हणतात, "हॉटेलं कशाला? गाडीतच शेगडी आहे, पलंग आहे, संडास आहे." घरच्या बायकांनाही ते पटतं, कारण वाटेत पिठलं-भात करता येतो. प्रश्न उरतो एकच : रात्री ही गाडी उभी कुठे करायची? दिवसा कुठे जायचं ते कुणीही सांगतं. वाळवंटात रात्रीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. हा हिशेब कसा असतो, ते आज सांगणार आहे.

आधी गाडीच्या पोटात काय असतं ते पाहू. तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, दुसरी मोरीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. भाड्याने मिळणाऱ्या मध्यम गाडीत चांगलं पाणी साधारण दीडशे लिटर मावतं. चार माणसांनी घरच्यासारखी अंघोळ केली तर ते एका सकाळी संपतं आणि त्याच वेळी सांडपाण्याची टाकी भरते. ही घाण वाटेत कुठेही सोडता येत नाही. तो गुन्हा आहे. त्यासाठी 'डम्प स्टेशन' नावाची ठरावीक ठिकाणं असतात, तिथे जाडजूड नळी जोडून टाक्या रिकाम्या करायच्या. तेव्हा नकाशावर दोन गोष्टींवर आधी खूण करावी लागते : पिण्याचं पाणी कुठे भरता येईल आणि घाण कुठे सोडता येईल. भाचेसून पहिल्याच दिवशी म्हणाली, "मामू, इथे पाणी जपून हं." मी सोलापूर जिल्ह्यातला. टँकरच्या रांगेत घागर लावलेल्या माणसाला ते शिकवावं लागलं नाही.

रात्र काढायच्या जागा साधारण चार प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार खासगी आरव्ही पार्क. शहराच्या कडेला, हमरस्त्यालगत असतात. तिथे 'फुल हूकअप' मिळतो, म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी, तिन्ही. विजेची जोडणी तीस किंवा पन्नास ॲम्पियरची असते. आपल्या गाडीला कोणती लागते ते आधी विचारून ठेवावं. शेजारची गाडी हाताच्या अंतरावर असते आणि एकांत मिळत नाही. पण तीन-चार रात्रींतून एकदा इथे थांबावं. टाक्या रिकाम्या होतात, कपडे धुऊन होतात, पाणी भरून घेता येतं.

दुसरा प्रकार राष्ट्रीय उद्यानांतले आणि राज्यांच्या उद्यानांतले कॅम्पग्राउंड. जागा सुंदर, भाडं बेताचं. पण सोयी गृहीत धरू नयेत. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री उद्यानात एकाही कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी नाही आणि बहुतेक ठिकाणी पाण्याचा नळसुद्धा नाही. पाणी बरोबर न्यावं लागतं. केंद्र सरकारच्या बऱ्याच जागांचं आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर होतं, पुष्कळ ठिकाणी सहा महिने आधीपासून. हिवाळ्यातले शनिवार-रविवार लवकर भरतात. काही जागा 'आधी येईल त्याला' अशा असतात. तिथे सकाळी, लोक निघायच्या वेळेला पोचावं. आरक्षण करताना गाडीची लांबी विचारतात, ती खरी सांगावी. पंचवीस फुटांची गाडी वीस फुटांच्या जागेत मावत नाही. रात्री जनरेटर चालवायला बंदी असते, हेही लक्षात ठेवावं.

तिसरा प्रकार मला सगळ्यात नवलाचा वाटला. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत अफाट जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. तिची व्यवस्था पाहणारं एक खातं आहे, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट. सगळे त्याला बीएलएम म्हणतात. १९४६ मध्ये ते स्थापन झालं आणि आज त्याच्या ताब्यात सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे. या जमिनीवर, जिथे मनाईची पाटी नाही तिथे, कुणालाही गाडी लावून राहता येतं. सर्वसाधारण नियम असा की, अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवस, आणि बहुधा फुकट. चौदा दिवस झाले की तळ हलवायचा. ना नळ, ना दिवा, ना शेजारी. याला ते 'ड्राय कॅम्पिंग' किंवा 'बूनडॉकिंग' म्हणतात. आपल्या टाकीतलं पाणी आणि आपल्या बॅटरीतली वीज एवढ्यावर भागवायचं. पूर्वी कुणी तळ दिलेल्या जागेवरच गाडी लावावी, नवी माती तुडवू नये, असा दंडक आहे. ॲरिझोनात आणखी एक कायदा आहे. रानातल्या पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत तळ टाकता येत नाही. माणूस तिथे बसला तर जनावरं पाण्याला येत नाहीत. हा नियम ऐकून मला फार बरं वाटलं. तहानेचा पहिला हक्क हरणाचा, नंतर पाहुण्याचा.

चौथा प्रकार नुसत्या एका रात्रीचा. मोठ्या दुकानांची आवारं, ट्रकवाल्यांचे थांबे, सरकारी विश्रांतिस्थळं. काही दुकानांचे व्यवस्थापक आवारात रात्रभर गाडी उभी करू देतात, काही गावांत नगरपालिकेचीच मनाई असते. म्हणून आत जाऊन विचारावं, पाटी वाचावी. कॅलिफोर्नियातल्या विश्रांतिस्थळांवर चोवीस तासांत आठ तासच थांबता येतं आणि बाहेर खुर्च्या मांडता येत नाहीत. ही झोप काढायची जागा, तळ नव्हे.

आता खरा मुद्दा. या चारांतून निवड कशी करायची? वाळवंट सगळीकडे सारखं नसतं. त्यात उंची पाहावी लागते. डेथ व्हॅली हे त्याचं उत्तम उदाहरण. तिथली बॅडवॉटर नावाची जागा समुद्रसपाटीपासून ८६ मीटर खाली आहे. जवळच्या फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. जगातला अधिकृत उच्चांक आजही तोच मानतात, काही अभ्यासक त्यावर शंका घेतात ते वेगळं. फर्नेस क्रीकचा कॅम्पग्राउंड या खोलगट भागात आहे. त्याच उद्यानातला माहोगनी फ्लॅटचा तळ मात्र आठ हजार फुटांहून उंच आहे. दर हजार फुटांना साधारण दोन ते तीन अंश सेल्सियस उतार धरला, तर एकाच दिवशी खाली होरपळ आणि वर स्वेटर अशी स्थिती असते. पण वरचा रस्ता खडबडीत आणि वळणांचा, मोठ्या आरव्हीला तो नाही. म्हणून मोठ्या गाडीने हिवाळ्यात खाली राहावं आणि उन्हाळ्यात तिकडे फिरकूच नये. नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला. जानेवारीत दुपारी ऊन कोवळं असतं, पहाटे मात्र दात वाजतात.

पाण्याचा हिशेब वेगळा सांगतो. उद्यानांचे रक्षक माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पिण्याचं पाणी ठेवायला सांगतात. हे टाकीतल्या पाण्याखेरीज, वेगळ्या कॅनमध्ये. चार माणसं आणि दोन दिवस असतील तर तिसऱ्या दिवसाचंही घ्यावं. डिझेल किंवा पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरावं. पंप सत्तर-ऐंशी मैलांवर असू शकतो. गाडीतला जनरेटर त्याच टाकीतून इंधन घेतो आणि पाव टाकी उरली की बहुधा आपोआप बंद पडतो.

मुक्कामाला सूर्य मावळायच्या दोन तास आधी पोचावं. अंधारात मऊ वाळू आणि कठीण जमीन यांतला फरक कळत नाही. जिथे गाडी न्यायची तिथे आधी एकाने उतरून चालत जावं, पाय रुततो का पाहावं, परत वळायला जागा आहे का पाहावं. मोबाइलला मैलोन् मैल रेंज नसते, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि कागदाचाही जवळ ठेवावा. यंत्र जवळची वाट दाखवतं. ती वाट आज गाडीची आहे की पन्नास वर्षांपूर्वीच्या खाणीची, हे त्याला ठाऊक नसतं. २००९ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका आडवाटेवर डेथ व्हॅलीत एका आईची मोटार वाळूत रुतली. काही दिवसांनी रक्षकाला ती सापडली तेव्हा आई जिवंत होती, बरोबरचा लहान मुलगा नव्हता. आपण आज कुठे थांबणार आणि उद्या किती वाजेपर्यंत फोन करणार, हे घरी कुणाला तरी सांगून निघावं, ते यासाठी. फोन आला नाही तर शोध कुठून सुरू करायचा, ते त्याला माहीत हवं. आणि गाडी अडकलीच तर ती सोडून चालत निघू नये. सावली तिथेच असते आणि वरून गाडीच आधी दिसते.

कुठे थांबू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. वाळवंटात सपाट, मऊ, झाडांच्या ओळीतला कोरडा पट्टा दिसतो. मोह होतो. तो ओढा असतो. तिकडे 'वॉश' म्हणतात. वीस-तीस मैलांवरच्या डोंगरात पाऊस पडला की इथे चांदणं असताना लोंढा येतो. ॲरिझोनात पावसाचा हंगाम १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात, पण ओढ्यात कोणत्याच महिन्यात झोपू नये. पाण्यामुळे बंद केलेल्या रस्त्यावर अडथळा ओलांडून कुणी गाडी घातली आणि त्याला सोडवावं लागलं, तर सुटकेचा खर्च त्याच्याकडून वसूल करण्याचा कायदा त्या राज्याने १९९५ मध्ये केला. लोक त्याला 'मूर्ख मोटारवाल्यांचा कायदा' म्हणतात.

दुसरी खबरदारी मालकीची. मोकळी दिसणारी जमीन बेवारस नसते. सिनेमांतून आपण पाहिलेली मॉन्युमेंट व्हॅली नावाहो लोकांची आहे. त्यांचा प्रदेश ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा या तीन राज्यांत पसरला आहे आणि बीएलएमचा चौदा दिवसांचा नियम तिथे लागू नाही. त्यांच्या परवान्याशिवाय तळ टाकणं म्हणजे कुणाच्या अंगणात न विचारता खाट टाकणं. काही मुलूख लष्कराच्या सरावाचा असतो. म्हणून जागा ठरवण्यापूर्वी मालकी दाखवणारा नकाशा पाहावा किंवा बीएलएमच्या स्थानिक कचेरीत विचारावं. तिथली माणसं सावकाश आणि नीट सांगतात.

या सगळ्या प्रकारांचं गाव म्हणजे ॲरिझोनातलं क्वार्टझाइट. कायम वस्ती अडीच हजारांच्या आसपास. पण जानेवारीत भोवतालच्या माळावर नजर पोचेल तिथवर आरव्ही दिसतात. उत्तरेकडच्या बर्फातून आलेली निवृत्त माणसं इथे थंडी काढतात. त्यांच्यासाठी बीएलएमने १९८३ पासून दीर्घ मुक्कामाचे तळ आखले आहेत. एकदा शुल्क भरलं की १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहता येतं. मी काठीवाल्या म्हाताऱ्यांना संध्याकाळी एकमेकांच्या गाड्यांपुढे खुर्च्या टाकून बसलेलं पाहिलं. आपल्याकडचा पार आठवला.

त्याच गावच्या दफनभूमीत दगडांचा एक छोटा पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट. खाली झोपला आहे हाजी अली. मुंबईकराला या नावाने समुद्रातला दर्गा आठवेल. हा हाजी अली उंटवाला. अमेरिकी काँग्रेसने १८५५ मध्ये लष्करासाठी उंट आणायला तीस हजार डॉलर मंजूर केले आणि १८५६ मध्ये उंटांबरोबर तोही ऑटोमन मुलखातून टेक्सासच्या किनाऱ्याला उतरला. पुढच्या वर्षी एडवर्ड बील यांच्या मोहिमेने उंट घेऊन पश्चिमेकडची वाट आखली. तिच्यावरूनच पुढे प्रसिद्ध रूट ६६ महामार्गाचा काही भाग गेला. अमेरिकनांना त्याचं नाव उच्चारता येईना, म्हणून तो 'हाय जॉली' झाला. १९०२ मध्ये तो वारला, १९३५ मध्ये हे स्मारक उभं राहिलं. मी तिथे फातिहा पढलो. त्या वाटेवर कुठे पाणी आहे आणि म्हणून कुठे थांबायचं, हे शोधत चालणाऱ्यांतला तो एक. आजच्या आरव्हीवाल्याला हा शोध बराचसा नकाशात तयार मिळतो, एवढाच फरक.

तेव्हा तुमचा मुलगा किंवा मुलगी म्हणाली की चला वाळवंटात, तर जरूर जा. तिथलं रात्रीचं आकाश आपल्या शहरांतून आता दिसत नाही. फक्त निघण्यापूर्वी टेबलावर नकाशा पसरा आणि आधी रात्रींच्या जागांवर खुणा करा : पाणी कुठे, उंची किती, जमीन कुणाची, आणि ती जागा भरली असेल तर जवळची दुसरी कोणती. मग त्या खुणा जोडणारा रस्ता शोधा. आणि सकाळी तळ सोडताना एकदा मागे वळून पाहा. चुलीची राख, कागदाचा बोळा, संत्र्याची साल, काही उरायला नको. उद्या संध्याकाळी तिथे दुसरा कुणी उतरणार आहे.