लखुजी जाधवराव समाधी, सिंदखेड राजा

लखुजी जाधवराव समाधी हे बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथील ऐतिहासिक स्मारक आहे. लखुजी हे सिंदखेडचे जहागीरदार व जिजाबाईंचे वडील होत. १६२९ साली दौलताबाद येथे निजामशाही दरबारात त्यांची व त्यांच्या पुत्रांची हत्या झाली.

जतनकार्य आणि उत्खनन

२०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडून समाधीच्या छत्रीचे जतनकार्य सुरू असताना परिसरात काही दगड आढळले. पुढील उत्खननात एका प्राचीन मंदिराचा पाया उघडा झाला. सभामंडपाची खोली तपासताना प्रथम लक्ष्मीची मूर्ती दिसली आणि नंतर सुमारे २.२५ मीटर खोलीवर शेषशायी विष्णूचे शिल्प मिळाले. ते १.७० मीटर लांब व १ मीटर उंच असून लक्ष्मी विष्णूचे पाय चेपत असल्याचे त्यात दाखवले आहे. शिल्पपटावर समुद्रमंथनाचा प्रसंगही कोरलेला आहे.

महत्त्व

हे शिल्प क्लोराइट शिस्ट या खडकात घडवलेले आहे. बुलढाणा परिसरातील मुख्य खडक बेसॉल्ट असल्याने शिल्पाचा दगड किंवा स्वतः शिल्प बाहेरून आले असावे, असे अनुमान निघते. कर्नाटकातील होयसळ मंदिरांत याच प्रकारचा मऊ, बारीक कोरीवकामास योग्य दगड वापरलेला दिसतो.

अशा स्थळी जतन म्हणजे केवळ डागडुजी नव्हे. छत्री आणि तिच्याखालील मंदिर हे इतिहासाचे दोन वेगळे थर आहेत. अवशेष कोणत्या थरात व कोणत्या स्थितीत मिळाले याची नोंद न होता ते हलवले गेल्यास त्यांचा परस्परसंबंध कायमचा पुसला जातो.