मॅमोग्राफी मशीन नाही? स्तन कर्करोगाची तपासणी तरीही होऊ शकते

स्तन कर्करोगाची तपासणी म्हटलं की मॅमोग्राफी आठवते. पण मशीन शहरात आणि तिथं जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. मग गावातल्या महिलांनी काय करायचं? प्रशिक्षित आरोग्य सेविका हातानेही ही तपासणी करू शकते.

त्याचा उपयोग होतो का?
टाटा मेमोरियल सेंटरने १९९८ पासून मुंबईतील वस्त्यांमध्ये १,५१,५३८ महिलांचा अभ्यास केला. निम्म्या महिलांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: तपासणी झालेल्या गटात ५० आणि त्यापुढील वयाच्या महिलांचे स्तन कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते. त्याहून लहान वयात तशी घट दिसली नाही.

सरकारी सोय काय?
केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या महिलांची दर पाच वर्षांनी ही तपासणी व्हायला हवी.

मग अडतंय कुठे?
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या फक्त ०.९ टक्के महिलांनी कधी तरी स्तन तपासणी केल्याचं आढळलं. म्हणजे हजारात नऊ. शिवाय गाठ सापडली तरी बायोप्सी आणि उपचारांसाठी मोठं रुग्णालय गाठावंच लागतं. ती वाट सोपी झाली नाही, तर गावातली तपासणी अर्धवटच राहते.

हे लक्षात ठेवा
स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेवर खळगा, स्तनाग्रातून रक्त: यातलं काहीही दिसलं, तर दुखत नसलं तरी लगेच डॉक्टरांना दाखवा.