बापाने टिपलेला आजार

‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात फेब्रुवारी १८४१मध्ये एक पत्र छापून आलं. लिहिणारे विल्यम जेम्स वेस्ट हे केंट परगण्यातल्या टनब्रिजचे डॉक्टर. पत्रातला रुग्ण होता त्यांचाच मुलगा, जेमतेम वर्षाचा.

चार महिन्यांपर्यंत बाळ धडधाकट होतं. मग मान मधूनच पुढे झुकू लागली. वेस्टना तो बाळाचा चाळा वाटला. पुढे जोर इतका वाढला, की डोकं गुडघ्यांकडे खेचलं जाई आणि लगेच बाळ सैल पडून सरळ होई. काही सेकंदांत पुन्हा तेच. असं एका वेळी दहा-वीसदा, कधी त्याहून जास्त. दोन-तीन मिनिटांत सगळं थांबे. दिवसातून अशा दोन-तीन पाळ्या होत. झटके मोजतानाच वेस्टनी आणखी एक गोष्ट नोंदवली: बाळाला दिसतं, ऐकू येतं, पण ते हसत नाही, कशाकडे लक्ष देत नाही, मान धरत नाही.

मेंदूचा आलेख काढणारं यंत्र यायला तेव्हा अजून ऐंशीहून अधिक वर्षं होती. तरीही झटक्यांची लागोपाठ येणारी माळ आणि खुंटलेली वाढ यांची सांगड वेस्टनी नुसत्या डोळ्यांनी घातली. आजही बालमेंदूतज्ज्ञ याच खुणा शोधतात. पोटच्या पोराकडे पाहून इतकं नेमकं लिहायला काय लागलं असेल, या विचाराने मी दर वेळी थांबतो.

उपाय मात्र त्या काळचेच. जळवा लावल्या, डोक्याला गारवा दिला, पाऱ्याच्या कॅलोमेलचे जुलाब दिले, हिरड्यांना चिरा दिल्या. शेवटी बाळाला लंडनला नेलं. तिथे सर चार्ल्स क्लार्क यांनी अशी चार मुलं पाहिलेली होती. वाकण्याच्या ढबीवरून ते या झटक्यांना ‘सलाम’ म्हणत. दुसरे डॉक्टर चार्ल्स लॉकॉक. याच लॉकॉकनी पुढे १८५७मध्ये ब्रोमाइडने फेफरं आटोक्यात येतं हे सांगितलं आणि अपस्मारावरचं पहिलं खरं औषध जगाला मिळालं. १८४१मध्ये त्यांच्याकडेही काही नव्हतं. म्हणून वेस्टनी ते पत्र लिहिलं: कोणाला काही ठाऊक असेल तर सांगा. वेस्ट १८४८मध्ये गेले, मुलगा १८६०मध्ये.

या आजाराबाबत मात्र पुढची शंभर वर्षं फारसं काही हललं नाही. १९५२मध्ये गिब्ज दांपत्याने या मुलांच्या मेंदू-आलेखातल्या उंच, विस्कळीत लाटांना नाव दिलं. १९५८मध्ये बेल्जियमच्या सोरेल यांनी एसीटीएच या संप्रेरकाने झटके थांबतात हे दाखवलं. ते संप्रेरक, स्टेरॉइड आणि व्हिगाबॅट्रिन हे आजचे मुख्य उपचार. आजाराला आता ‘वेस्ट सिंड्रोम’ म्हणतात.

उपचार जितके लवकर, तितकी बाळाच्या वाढीची आशा जास्त. आणि नेमका इथेच वेळ जातो. बाळ दचकतंय, पोटात कळ येतेय, दात येतायत, असं म्हणत घरात आठवडे निघून जातात, कधी दवाखान्यातही. वर्षाच्या आतलं बाळ, विशेषतः झोपेतून उठल्यावर, लागोपाठ वाकत किंवा हात झटकत असेल, किंवा हसणारं बाळ हसेनासं झालं असेल, तर मोबाइलवर चित्रफीत काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मेंदूचा आलेख काढायचा का, हे स्वतःहून विचारा.