परसातील कोंबड्यांचे जंत आणि गोचीड : ओळख, उपचार व बंदोबस्त



बीड जिल्ह्यात आठ-दहा गावरान कोंबड्या नाहीत असे घर खेड्यात क्वचितच सापडेल. या कोंबड्यांवर वेगळा खर्च होत नाही आणि अंड्यांचे चार पैसे घरातील बाईच्या हातात राहतात. परंतु खर्च नाही म्हणून लक्षही नाही, अशी बहुतेक ठिकाणी स्थिती असते. कोंबडी वाळत चालली, तुरा पांढुरका पडला, अंडी बंद झाली की ‘नजर लागली’ किंवा ‘हवा बदलली’ म्हणून विषय सोडून दिला जातो. अशा वेळी पुष्कळदा पोटात जंत किंवा अंगावर रक्त पिणारे किडे असतात.

पोटातील जंत

कोंबडीच्या आतड्यात मुख्यतः दोन प्रकारचे जंत आढळतात. पहिला गोल जंत. तो पांढरट, शेवयांसारखा असून बोटाएवढा लांब वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात. ओलावा व ऊब मिळाली की दोन-तीन आठवड्यांत ती रोग लावण्यायोग्य होतात आणि दाणे टिपताना दुसऱ्या कोंबडीच्या पोटात जातात. दुसरा पट्टकृमी. हा मुंग्या, माश्या व शेणातील भुंगे यांच्यामार्फत येतो. विष्ठेत तांदळाच्या कणीसारखे पांढरे तुकडे दिसले तर पट्टकृमी आहेत असे समजावे.

शेतात तण फुलावर येण्यापूर्वीच आपण खुरपणी करतो, कारण एकदा बी जमिनीत पडले की पुढच्या हंगामात त्रास ठरलेला. जंतांचेही तसेच आहे. उपचार कोंबडीवर करून भागत नाही, अंडी जमिनीत साठू न देणे हे खरे काम होय.

लहान पिलांना रक्ती हगवण होते ती जंतांमुळे नव्हे, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय परजीवीमुळे. तीन ते सहा आठवड्यांची पिले ओल्या तुसावर ठेवल्यास ती हमखास उद्भवते. तिला जंताचे औषध लागू पडत नाही.

अंगावरील कीटक

उवा कायम कोंबडीच्या अंगावरच राहतात. पंखांखाली व गुदद्वाराभोवती पिसे बाजूला करून पाहिल्यास त्या पळताना दिसतात व पिसांच्या मुळाशी लिखांचे पुंजके आढळतात.

गोचीड व तांबड्या पिसवा मात्र दिवसा अंगावर सापडत नाहीत. त्या भिंतीच्या भेगांत, खुराड्याच्या फळ्यांत, डालग्याच्या विणीत लपून बसतात आणि रात्री रक्त पितात. म्हणूनच ‘कोंबडीच्या अंगावर काही नाही’ असे पुष्कळांना वाटते. तपासणी रात्री बॅटरी घेऊन करावी. गोचीड नुसते रक्तच पीत नाहीत, त्यांच्यामुळे ताप, हिरवट हगवण व पाय लुळे पडणे असे विकार होऊन कोंबड्या दगावतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी

दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. कोंबड्या विकल्या जातात, म्हाताऱ्या माणसांकडे राहतात किंवा कोपीवर सोबत नेल्या जातात. उन्हाळ्यात परतल्यावर नवीन तलंगा आणून जुन्याच खुराड्यात कोंडल्या जातात आणि थोड्याच दिवसांत त्या माना टाकू लागतात. सहा महिने खुराडे रिकामे होते, मग रोग आला कुठून, असा प्रश्न पडतो. उत्तर सोपे आहे. कोंबडीचा गोचीड रक्त न पिता वर्षाहून अधिक काळ जिवंत राहू शकतो. दगड-मातीच्या भिंतीत तो वाट पाहत असतो.

यास्तव गावाला जाण्यापूर्वी व परतल्यावर पुढील कामे करावीत :

१) खुराड्यातील जुना तूस व विष्ठा काढून दूर उकिरड्यावर टाकावी व मातीने झाकावी. ती चांगली कुजल्यावरच भाजीपाल्याला वापरावी.
२) भेगा खरवडून चिखल-चुन्याने बुजवाव्यात व आतून चुना द्यावा.
३) जुनी डालगी व कुजक्या फळ्या जाळाव्यात.
४) कोपीवरून किंवा बाजारातून आणलेल्या कोंबड्या दोन आठवडे वेगळ्या ठेवाव्यात.

औषधोपचार

जंतांसाठी अल्बेंडॅझोल वापरता येते. प्रमाण दर किलो वजनास १० मिलिग्रॅम. २.५ टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे दीड किलोच्या कोंबडीस ०.६ मिली पुरते. पट्टकृमींसाठी दुप्पट मात्रा लागते. बाटलीवरील टक्केवारी पाहूनच हिशेब करावा. पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, नंतर दर तीन महिन्यांनी द्यावी. मृगापूर्वीची व पावसाळा संपल्यावरची मात्रा चुकवू नये. रानीखेतची लस जंतनाशकानंतर आठवड्याने टोचून घ्यावी.

रक्ती हगवणीवर २० टक्के अँप्रोलियम भुकटी २५ लिटर पाण्यात ३० ग्रॅम मिसळून पाच दिवस पाजावी. तूस त्वरित बदलावा.

उवांसाठी उथळ खड्ड्यात चाळलेली राख व बारीक रेती भरून ठेवावी. कोंबड्या त्यात स्वतःच लोळतात. प्रादुर्भाव जास्त असल्यास पशुवैद्यकाने सांगितलेले कीटकनाशक वापरून दहा दिवसांनी पुन्हा उपचार करावा, कारण पहिल्या वेळी लिखा मरत नाहीत. खुराड्यात फवारणी करताना कोंबड्या, दाणे व पाण्याची भांडी बाहेर काढावीत.

हे करू नये

कपाशीवर फवारायचे औषध कोंबडीच्या अंगाला कधीही लावू नये. कोंबडी मरते, वाचलीच तर विष अंड्यांत उतरते आणि ती अंडी आपलीच मुले खातात. पूर्वी सर्रास वापरली जाणारी बीएचसी पावडर १९९७ पासून बंद आहे, तिचा जुना डबा घरात असल्यास वापरू नये. कोणत्याही औषधानंतर अंडी व मांस किती दिवस खाऊ नये, हे पशुवैद्यकास विचारून घ्यावे.

एकाच वेळी अनेक कोंबड्या मरू लागल्यास जंत समजून वेळ घालवू नये. मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकण्याऐवजी ताबडतोब जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

खुराडे स्वच्छ करण्यास अर्धा दिवस लागतो आणि चुना-राखेला फारसा पैसा लागत नाही. तेव्हा आज रात्रीच बॅटरी घेऊन खुराड्याच्या भेगा तपासाव्यात.